सूड नेमका कुणाचा?

2025 च्या 25 जुलैला ॲलिस कूपरचा नवा अल्बम येतो आहे. 'द रिव्हेंज ऑफ ॲलिस कूपर' हे त्याचं नाव. एप्रिलमध्ये त्याची घोषणा झाली आणि 'ब्लॅक माम्बा' हे पहिलं गाणं बाहेर आलं. तेवढ्या शितावरून चाहत्यांनी अख्ख्या भाताची परीक्षा करून टाकली आहे. निकालही लागले आहेत, आणि ते तीन आहेत. पहिला: अर्ध्या शतकानंतर खरा ॲलिस कूपर परत येतो आहे, मधलं सगळं विसरून जा. दुसरा: ॲलिस कूपर गेला कुठे होता? तो तर सतत दौऱ्यावर असतो. जुने वादक आले काय नि न आले काय. तिसरा: 77 वर्षांच्या आजोबांच्या गळ्यातल्या सापाला आता कोण घाबरतं?

हे तिन्ही निकाल मला चुकीचे वाटतात. तिन्ही पक्ष एकमेकांशी कडाडून भांडत असले तरी त्यांचं गृहीतक एकच आहे. कलावंताची खरी गोष्ट केव्हाच घडून गेली आहे, आणि आता जे येईल ते एक तर तिचा पुरावा असेल, नाही तर तिची विटंबना. ही खोड रॉक संगीताच्या चाहत्यांपुरती नाही. कवीचा पहिला संग्रह उराशी धरून पुढचे सहा न वाचताच बाजूला सारणारे वाचक आपल्या सगळ्याच भाषांत आहेत. म्हणून हा वाद साहित्याच्या वाचकांनीही जरा जवळून पाहावा.

ज्यांचा या संगीताशी फारसा संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका. अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरात, कॉर्टेझ हायस्कूलमध्ये, 1964 साली धावण्याच्या संघातल्या काही मुलांनी शाळेच्या कार्यक्रमात बीटल्सची नक्कल केली. त्यांतला एक व्हिन्सेंट फर्नियर, एक डेनिस डनअवे, एक ग्लेन बक्स्टन. पुढे मायकेल ब्रूस आणि नील स्मिथ येऊन मिळाले. 'इअरविग्ज', 'स्पायडर्स', 'नॅझ' अशी नावं बदलत 1968 मध्ये पाच जणांच्या या बँडनं 'ॲलिस कूपर' हे नाव घेतलं. ते कुणा एकाचं नाव नव्हतं. लांब केसांच्या, रंगरंगोटी केलेल्या पाच पोरांच्या टोळीला एखाद्या सोज्ज्वळ म्हातारीचं शोभावं असं नाव द्यायचं, हीच मुळात त्यांची पहिली खोडी. गायक पुढे उभा राहायचा, म्हणून लोक त्यालाच ॲलिस म्हणू लागले. 1971 ते 1973 या तीन वर्षांत त्यांनी पाच अल्बम काढले. 'बिलियन डॉलर बेबीज' अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेला. 1974 मध्ये बँड थांबला. 1975 मध्ये गायकानं 'वेलकम टू माय नाइटमेअर' हा अल्बम एकट्यानं काढला, त्याच नावावर. पुढे कायद्यानंही तो ॲलिस कूपर झाला. आता 2025 मध्ये ब्रूस, डनअवे आणि स्मिथ यांच्यासह तो पुन्हा पूर्ण अल्बम घेऊन येतो आहे. नोव्हेंबर 1973 मधल्या 'मसल ऑफ लव्ह'नंतरचा या मंडळींचा हा पहिलाच. पाचवा, ग्लेन बक्स्टन, ऑक्टोबर 1997 मध्ये वारला.

शुद्धतावाद्यांपासून सुरुवात करू, कारण त्यांचा पक्ष ऐकायला सर्वांत उदात्त वाटतो. ते म्हणतात, ॲलिस कूपर म्हणजे ते पाच जण. डनअवेची बेस गिटार नुसता ठेका धरत नाही, ती स्वतःची वेगळी चाल गाते. स्मिथचे ड्रम्स लष्करी संचलनासारखे वाजता वाजता एकदम सैरभैर होतात. बक्स्टनची गिटार वाकडी चालते, ब्रूसची सरळ, आणि त्या दोन्हींच्या मधल्या फटीतून गायकाचा खरबरीत आवाज येतो. हे सगळं मला मान्य आहे. 'किलर' हा 1971 चा अल्बम कुणीही नीट कान देऊन ऐकला तर त्यालाही मान्य व्हावं.

पण शुद्धतावादी इथं थांबत नाहीत. ते 1974 वर एक रेघ मारतात आणि रेघेअलीकडचं सगळं सोनं, पलीकडचं सगळं पितळ ठरवतात. आता त्या सोन्याकडेच जरा पाहू. 'स्कूल्स आउट' या 1972 च्या अल्बममध्ये डिक वॅग्नरची गिटार आहे, आणि वॅग्नर त्या पाचांतला नव्हता. 'बिलियन डॉलर बेबीज'च्या वेळी बक्स्टनची तब्येत आणि व्यसन इतकं बळावलं होतं की वॅग्नर आणि स्टीव्ह हंटर यांना बोलवावं लागलं. पुढे 1975 च्या एकल अल्बमचा कणा झाले ते हेच दोघे. म्हणजे शुद्धतावाद्यांनी ओढलेली रेघ दोन कालखंडांच्या मधून जात नाही. त्यांच्या सर्वांत लाडक्या अल्बमच्या पोटातून जाते.

आणि बॉब एझ्रिनचं काय करायचं? 1970 मध्ये हा जेमतेम विशी ओलांडलेला तरुण या बँडला भेटला. त्याआधी याच पाच जणांनी 'प्रेटीज फॉर यू' आणि 'ईझी ॲक्शन' असे दोन अल्बम काढले होते, आणि ते फारसे कुणी विकत घेतले नव्हते. 'आय ॲम एटीन' हे गाणं त्या वेळी लांबलचक, पसरट होतं. एझ्रिननं ते कापून तीन मिनिटांवर आणलं. साहित्याच्या भाषेत बोलायचं तर तो त्यांचा संपादक होता, आणि तोही स्वल्पविराम तपासणारा नव्हे. हस्तलिखितातली अर्धी पानं बाजूला काढून 'ही तुमची कादंबरी' असं सांगणारा. बँडच्या सात अल्बमांपैकी ज्या चारांच्या शपथा घेतल्या जातात, ते चार एझ्रिनचे आहेत. 'मसल ऑफ लव्ह'च्या वेळी तो नव्हता, आणि पाचही जण असूनही तो अल्बम कुणी शपथेसाठी काढत नाही. एकल कारकिर्दीतला सर्वांत गाजलेला 'वेलकम टू माय नाइटमेअर' पुन्हा एझ्रिनचा. नव्या अल्बमचा निर्माताही तोच. मग सहावा कोण, सातवा कोण, हे मोजायला शुद्धतावादी तयार आहेत का? नीलची बहीण आणि डेनिसची पत्नी सिंडी हिनं या बँडचे पोशाख शिवले. लोकांना धक्का बसला त्यात त्या पोशाखांचा वाटा नव्हता? शेप गॉर्डन या व्यवस्थापकानं प्रत्येक भानगडीचं बातमीत रूपांतर केलं. तो वाटा कुणाच्या खात्यावर मांडायचा?

माझा मुद्दा असा की 'मूळ' नावाची निखळ वस्तू 1972 मध्येसुद्धा नव्हती. होतं ते एकमेकांच्या अंगावर पडत, एकमेकांना दुरुस्त करत चाललेलं सामूहिक काम. ज्याला ते काम आवडतं त्यानं त्या कामातली सगळी माणसं मोजावीत. पाचांवर थांबणं हा गायकाच्या एकट्या नावावर थांबण्याचाच थोडा मोठा प्रकार आहे.

दुसरा पक्ष व्यवहारी आहे आणि म्हणून जास्त उद्दाम आहे. त्यांचं म्हणणं सोपं आहे: नाव ज्याचं, काम त्याचं. पन्नास वर्षं रंगमंचावर फाशी कोण गेलं? गिलोटिनखाली मान कुणी ठेवली? बाकीचे तर दिसतही नव्हते. 1977 मध्ये ब्रूस, डनअवे आणि स्मिथ यांनी 'बॅटल ॲक्स' नावाचा अल्बम काढला, तो आपटला. यावरून सिद्ध होतं की जादू एकाचीच होती.

यातून काहीच सिद्ध होत नाही. आपटण्यावरूनच कर्तेपण ठरवायचं असेल तर मग गायकाचाही हिशेब मांडू. 1982 चा 'झिपर कॅचेस स्किन' आणि 1983 चा 'दादा' हे त्याचे दोन अल्बम अमेरिकेच्या विक्रीच्या यादीत शिरलेच नाहीत. दारू आणि कोकेन यांच्या त्या काळातल्या ध्वनिमुद्रणांचं आपल्याला जवळजवळ काहीच आठवत नाही, असं तो स्वतः सांगत आला आहे. म्हणून काय त्याचं कर्तेपण गेलं? बाजार कुणाचं काय विकलं गेलं ते सांगतो. कुणी लिहिलं हे विचारायचं तर श्रेयनामावली वाचावी लागते. 'आय ॲम एटीन' पाचांच्या नावावर आहे. 'स्कूल्स आउट' पाचांच्या नावावर आहे. 'नो मोअर मिस्टर नाइस गाय' ब्रूस आणि कूपर यांच्या नावावर आहे. 'स्कूल्स आउट' सुरू होताना जी गिटार खिजवल्यासारखी वाजते आणि जिच्यामुळे गाणं पहिल्या दोन सेकंदांत ओळखू येतं, ती बक्स्टनची. 2011 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये प्रवेश मिळाला तो पाचांच्या बँडला, त्यात दिवंगत बक्स्टनही आला.

या पक्षातल्या लोकांना 'वादक' हा शब्द तुच्छतेनं उच्चारायची सवय आहे. ही सवय आपल्यालाही अनोळखी नाही. मुखपृष्ठावर एकच नाव मावतं म्हणून आत एकच माणूस आहे असं मानणं, हा वाचनाचा आळस आहे. अनुवादकाचं नाव न वाचता परदेशी कादंबरीच्या भाषेचं कौतुक करणारा वाचक नेमका हाच आळस करत असतो. गंमत म्हणजे ज्या माणसाच्या वतीनं हा पक्ष भांडतो, तो स्वतः त्यांच्या बाजूला नाही. जुन्या मित्रांना त्यानंच पुन्हा पुन्हा बोलावलं. 2011 च्या 'वेलकम टू माय नाइटमेअर'च्या दुसऱ्या भागात ते तीन गाण्यांवर होते, 2017 च्या 'पॅरानॉर्मल'मध्ये दोन गाण्यांवर. आता अख्खा अल्बम आहे. धनी वाटणी करायला निघाला आहे आणि कारकून वही मिटायला तयार नाहीत, असा हा प्रकार.

याच ठिकाणी शुद्धतावाद्यांनाही एक गोष्ट सुनावली पाहिजे. 'मधलं सगळं विसरून जा' हे वाक्य निव्वळ अन्यायाचं आहे. 1975 चं 'ओन्ली विमेन ब्लीड' हे नवऱ्याच्या हाती होरपळणाऱ्या बाईवरचं संथ गाणं त्या एकल अल्बममध्ये आहे, आणि ज्यांनी त्याला नुसता भुताखेतांचा धंदा करणारा ठरवलं होतं त्यांना त्या गाण्यानं गप्प केलं. 1977 मध्ये व्यसनमुक्तीसाठी तो रुग्णालयात राहिला आणि तिथं भेटलेल्या माणसांवर 'फ्रॉम द इनसाइड' हा 1978 चा अल्बम गीतकार बर्नी टॉपिनबरोबर त्यानं लिहिला. त्यात साप नाही, फासाचा दोर नाही, आणि तरी अंगावर काटा येतो. 'दादा' तर निघाला तेव्हा कुणी विचारला नाही. आज जाणकार चाहते तोच अल्बम हळूच कानात सांगतात. म्हणजे ज्या निकालांवर आपण आज इतके ठाम आहोत, त्यांचं पुढे काय होतं याचा दाखला याच माणसाच्या कामात पडलेला आहे. हे माहीत असूनही न ऐकलेल्या अल्बमवर शिक्के मारण्याचा धीर होतो कसा? 2023 चा 'रोड' त्यानं आपल्या हल्लीच्या दौऱ्यातल्या वादकांना घेऊन केला. त्या वादकांनी वर्षानुवर्षं ही जुनी गाणी रात्रीमागून रात्र जिवंत ठेवली. 'खरा' बँड परत आला म्हणून टाळ्या पिटताना त्यांना खोटं ठरवायची गरज नाही.

तिसरा पक्ष हुशार आहे. त्याला ना पाचांशी घेणं, ना एकाशी. तो विचारतो: शॉक रॉक म्हणजे धक्का. धक्का संपला की उरतं काय? 1972 मध्ये ब्रिटनमध्ये मेरी व्हाइटहाउस या नीतिरक्षक बाईंनी बीबीसीनं 'स्कूल्स आउट' वाजवू नये म्हणून मोहीम उघडली. गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं आणि बँडनं बाईंना फुलं पाठवली. पुढच्या वर्षी लिओ ॲब्स या खासदारांनी बँडला देशात येऊ देऊ नये अशी मागणी केली. आज कुठला खासदार ॲलिस कूपरसाठी उठून उभा राहील? तो गोल्फ खेळतो, चर्चला जातो, फिनिक्समध्ये मुलांसाठी संगीताचं केंद्र चालवतो. 1978 मध्ये हॉलिवूडच्या डोंगरावरची पडकी पाटी पुन्हा उभी करायला त्यानं एका अक्षराचे पैसे दिले. बातम्यांशी आपण आता स्पर्धा करू शकत नाही, असं तो स्वतःच मुलाखतींतून म्हणत आला आहे. मग या सुडाला धार कुठून येणार?

या प्रश्नात एक चूक दडलेली आहे. ती अशी की धक्का वस्तूंमध्ये होता असं तो धरून चालतो: सापात, दोरात, पात्यात. वस्तूंमध्ये धक्का कधीच नव्हता. गिलोटिनच्या खेळाची करामत जेम्स रँडी या जादूगाराची होती, आणि 1973-74 च्या दौऱ्यात जल्लादही तोच व्हायचा. ही हातचलाखी आहे हे पहिल्या रांगेतल्या पोरालाही ठाऊक होतं. आणि त्या सगळ्या खेळाचा सांगाडा पाहिला तर तो चक्क नीतिकथेचा आहे. खलनायक दुष्टपणा करतो, पकडला जातो, फासावर जातो किंवा त्याचं मुंडकं उडतं, आणि मग पांढराशुभ्र कोट, उंच टोपी घालून तो पुन्हा येतो. व्हिन्सेंटचे वडील धर्मोपदेशक होते हे कळल्यावर या रचनेचं नवल वाटत नाही. व्हाइटहाउसबाईंनी खेळ शेवटपर्यंत पाहिला असता तर पापाला शिक्षा होते एवढं समाधान त्यांना नक्की मिळालं असतं.

धक्का होता तो प्रेक्षकांत. याचा सर्वांत जुना पुरावा 13 सप्टेंबर 1969 चा आहे. टोरांटोच्या महोत्सवात रंगमंचावर एक जिवंत कोंबडी आली. शहरात वाढलेल्या व्हिन्सेंटला वाटलं, पंख आहेत म्हणजे उडेल. त्यानं ती गर्दीवर उडवली. ती उडाली नाही, खाली पडली, आणि समोरच्या लोकांनी तिचे तुकडे करून रंगमंचावर परत फेकले. दुसऱ्या दिवशी बातमी पसरली ती अशी की गायकानं कोंबडीचं मुंडकं दातांनी तोडून रक्त प्यायलं. त्यांच्या अल्बमचा प्रकाशक, संगीतकार फ्रँक झप्पा, यानं फोन करून खरं काय ते विचारलं, आणि तसं काही घडलं नाही हे कळल्यावर सल्ला दिला की ते कुणाला सांगू नकोस. ती कोंबडी उडवणं क्रूर होतं, अज्ञानातून घडलं तरी क्रूरच. पण तिला फाडणारे हात चाहत्यांचे होते. शॉक रॉकच्या जन्मकथेत राक्षसाची भूमिका श्रोत्यांनी केली आणि नाव गायकाच्या माथी मारलं. अमेरिकन मध्यमवर्गाला भीती वाटली ती साप घेतलेल्या माणसाची नव्हे. त्याच्यासमोर आनंदानं किंचाळणाऱ्या आपल्याच पोरांची.

तेव्हा धक्का कुठे गेला असं विचारणाऱ्यांना माझा उलट प्रश्न आहे. आज आपल्याला नेमकं काय पाहवत नाही? रक्त आपण जेवताना पडद्यावर पाहतो. आपल्याला पाहवत नाही ते म्हातारपण. विशेषतः ज्यांच्या तारुण्यावर आपण आपलं तारुण्य बेतलं त्यांचं. 'आय ॲम एटीन' हे पोरगेपण आणि पुरुषपण यांच्यामध्ये अडकलेल्या मुलाचं गाणं. ते लिहिलं गेलं तेव्हा गायक बावीसेक वर्षांचा होता. 77 व्या वर्षी तो ते गातो तेव्हा सभागृहातले लोक डोळे मिटून 1971 ऐकतात. त्यांनी डोळे उघडावेत. समोरच्या शरीरात आणि त्या शब्दांत आता जे अंतर पडलं आहे तेवढं भयंकर त्या गिलोटिनच्या पात्यातही कधी नव्हतं. नव्या अल्बमकडून मला काही अपेक्षा असेल तर ती हीच: पंचाहत्तरी ओलांडलेल्या चार माणसांनी त्या वयातून वाजवावं. त्यांनी चोवीस वर्षांच्या पोरांची नक्कल केली तर अल्बम फसेल, आणि ती नक्कल त्यांच्याकडून मागणारे आपण असू.

इथं बक्स्टनचा प्रश्न येतो, आणि या वादातला तोच सर्वांत अवघड आहे. 'व्हॉट हॅपन्ड टू यू' या गाण्यात त्याची जुनी, ध्वनिमुद्रित झालेली गिटार वापरली आहे असं जाहीर झालं आहे. काही चाहत्यांना यात प्रेतावरचं लोणी दिसतं. काहींना पुनर्जन्म दिसतो. पुनर्जन्माची भाषा मला अजिबात मान्य नाही. मेलेला माणूस सुडात सामील होत नाही, आणि त्याला 'परत आणलं' म्हणणं म्हणजे त्याच्या शेवटच्या तेवीस वर्षांवर पांघरूण घालणं. त्या वर्षांत बँड नव्हता, प्रसिद्धी नव्हती. जुन्या सोबत्यांपैकी दोघांबरोबर तो पुन्हा वाजवायला उभा राहिला तो मृत्यूच्या अगदी थोडे दिवस आधी, ह्यूस्टनमध्ये. पण ते वाजवणं वगळून टाकावं असंही मला वाटत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर सापडलेल्या मजकुराबाबत आपण जी कसोटी लावतो तीच इथं लावावी: हा तुकडा त्याचा आहे, इतकाच त्याचा आहे आणि बाकीचं इतरांचं आहे, हे स्वच्छ सांगितलं पाहिजे, आणि मोबदला त्याच्या वारसांना मिळाला पाहिजे. 1973 मध्ये त्याच्याच बँडच्या अल्बममध्ये त्याच्या जागी दुसऱ्यांनी वाजवलं आणि ऐकणाऱ्यांना ते कळलं नाही. निदान या वेळी कोण वाजवतं आहे ते कळावं.

'ब्लॅक माम्बा'वरून चाललेला आरडाओरडा याच्या तुलनेत क्षुल्लक आहे. त्यात 'डोअर्स'चा रॉबी क्रीगर पाहुणा म्हणून गिटार वाजवतो. यावरून काही जण म्हणतात, बक्स्टनच्या खुर्चीवर हा का? कारण 1968-69 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये हे नवखे पोरगे धडपडत होते तेव्हा 'डोअर्स'ची मंडळी त्यांच्या ओळखीची होती. बँडला भूतकाळ असतो असं ओरडायचं आणि तो भूतकाळ दारात आला की त्याला ओळखपत्र मागायचं, असं चाललं आहे.

आता शीर्षकाकडे वळू. सूड कुणाचा, कुणावर? शुद्धतावाद्यांना वाटतं, पाच जणांनी गायकावर उगवलेला. नावाच्या मालकीवाल्यांना वाटतं, एका नटाचा काळावर. तिसऱ्यांना वाटतं, हा जाहिरातीचा शब्द आहे, आणि त्यात थोडं तथ्य असेलही. पण 1968 मध्ये ते नाव पाच जणांनी मिळून घेतलं होतं हे लक्षात ठेवलं तर सरळ अर्थ समोर येतो. 'ॲलिस कूपर' या सामूहिक नावाचा हा सूड आहे, आणि तो 'एका माणसाची प्रतिभा' या आपल्या लाडक्या कल्पनेवर आहे. कलाकृती एकाच डोक्यातून पूर्णावस्थेत बाहेर पडते ही कल्पना विकायला सोपी असते. मुखपृष्ठाला ती सोयीची, पुरस्काराला सोयीची, चाहत्याच्या खोलीतल्या पोस्टरलाही सोयीची. तिच्यामुळे डनअवेसारखा माणूस पन्नास वर्षं तळटीप होतो.

यात चाहत्यांचं काय बिघडतं, असं कुणी विचारेल. बिघडतं ते असं. चाहतेपण हा ऐकण्याचा एक जिवंत प्रकार असू शकतो. कुठल्या अल्बममध्ये कोण वाजवतं, कुठलं गाणं कुणी कापलं, कुठला अपयशी अल्बम पुन्हा ऐकण्यालायक आहे, हे समीक्षकांआधी चाहत्यांनाच कळतं. 'दादा' त्यांनीच वाचवला. तेच लोक जेव्हा प्रकाशनाआधीच पक्ष वाटून घेतात तेव्हा ते आपलं एकमेव भांडवल, म्हणजे कान, गहाण टाकतात. मग उरतो तो वारसाहक्काचा दावा, आणि तसले दावे ऐकायला न्यायालयं आहेत.

अल्बम वाईटही निघेल. पन्नास वर्षांनी एकत्र आलेले बँड बहुधा बेताचंच काही करतात, आणि एझ्रिनच्या हाताला सगळं गुळगुळीत करायचीही सवय आहे. तसं झालं तर तसं स्पष्ट म्हणावं. फक्त तो 2025 मधल्या या माणसांचा वाईट अल्बम म्हणून वाईट म्हणावा. 1972 ची फसलेली प्रत म्हणून नको. 25 जुलैला आधी श्रेयनामावली वाचावी, कुठल्या गाण्यात कोण आहे ते पाहावं, आणि मग पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा ऐकावं. भांडण त्यानंतर सुरू करावं. मीही त्यात उतरेन.